लोहमार्गाचे आद्य पुरस्कर्ते : कै. नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट

मुलुंड, भांडुप, घाटकोपर येथून असो, वा बोरिवली, अंधेरी येथून असो, आपल्या ज्ञातीतील शेकडो कुटुंबांचे कर्ते स्त्री-पुरुष दररोज सकाळी आगगाडीने मुंबई गाठतात आणि सायंकाळी परततात. मुले याच गाडीने महाविद्यालयात जातात, लग्नकार्याची आमंत्रणे याच मार्गाने घरोघर पोहोचतात, आणि ज्ञातिसभेच्या बैठकीची वेळही गाडीची वेळ पाहूनच ठरते. उपनगर म्हणून ज्याला आपण ओळखतो, तो सारा संसार या दोन लोहमार्गांच्या आधारावर उभा आहे. परंतु हा मार्ग घातला जाण्यापूर्वी, तो घालणे शक्य आहे आणि इष्टही आहे, असे ज्या मोजक्या एतद्देशीय गृहस्थांना वाटले, त्यांत अग्रस्थानी आपल्याच ज्ञातीतील एक थोर पुरुष होते, याचे स्मरण किती घरांत राहिले आहे, हा प्रश्न आपण स्वतःस विचारण्याजोगा आहे. ते पुरुष म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट. सारी मुंबई त्यांना आदराने नाना म्हणत असे.

नानांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. उपनाव मुरकुटे. अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांचे आजोबा बाबुलशेट मुंबईस आले आणि व्यापारात त्यांनी जम बसविला. बाबुलशेटांचे चिरंजीव शंकरशेट यांनी तो व्यापार पुष्कळच वाढविला व मुंबईतील बड्या सावकारांत आपली गणना करून घेतली. आज नाना चौक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील भवानीशंकराचे मंदिर त्यांनीच १८०६ साली बांधविले. अशा संपन्न घरात दिनांक १० फेब्रुवारी १८०३ रोजी नानांचा जन्म झाला. मातोश्री भवानीबाई यांचे छत्र त्यांना फार दिवस लाभले नाही. वडिलांनी मात्र मुलाच्या शिक्षणात काही उणे पडू दिले नाही. संस्कृत, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांचा अभ्यास त्यांनी घरीच, उत्तम शिक्षकांच्या हाताखाली केला. १८२२ साली वडील निवर्तले, तेव्हा नानांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. ऐन तारुण्यात एवढी दौलत हाती येऊन ज्यांचे पाऊल घसरले, अशी उदाहरणे त्या काळच्या मुंबईत कमी नव्हती. नानांनी वडिलोपार्जित पेढी सांभाळली, आणि त्याच वयापासून लोककार्यास आरंभ केला.

त्यांचे पहिले प्रेम शिक्षणावर होते. १८२२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेच्या कार्यात ते तरुणपणीच सामील झाले. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८२७ साली गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी जो मोठा निधी जमविला, त्यातून एल्फिन्स्टन विद्यालयाचा उदय झाला. या कामातही नानांचा हात होता. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्याचे ते सभासद झाले आणि पुढील सोळा वर्षे त्या जागेवर त्यांनी निष्ठेने काम केले.

याच मंडळात एक मोठा वाद उपस्थित झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे होते, की वरच्या वर्गातील थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे व सरकारचा पैसा त्यावरच खर्चावा. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते, इंग्रजी विद्येचे चाहते होते. तरीही त्यांनी अध्यक्षांच्या विरुद्ध भूमिका घेतली. सामान्य प्रजेपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे असेल तर ते तिच्या मातृभाषेतूनच पोहोचविले पाहिजे, परक्या भाषेत मूठभर लोक विद्वान झाल्याने बहुजनांचे अज्ञान दूर होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अधिकाराने श्रेष्ठ असलेल्या गोऱ्या न्यायाधीशापुढे इतक्या स्पष्टपणे आपले मत लेखी मांडणे ही त्या दिवसांत सामान्य गोष्ट नव्हती. आपल्या मुलांना कोणत्या भाषेच्या शाळेत घालावे हा प्रश्न आज घरोघर निघतो. त्या प्रश्नाचा विचार नानांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी केला होता, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

आता लोहमार्गाकडे वळू. मुंबई हे बेट. व्यापार मोठा, बंदर उत्तम, परंतु देशाच्या अंतर्भागाशी दळणवळण अत्यंत कष्टाचे. वऱ्हाडातील व खानदेशातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरवीत आणावा लागे. वाटेत तो पावसाने भिजे, धुळीने मळे, आणि कित्येक बैल वाटेतच मरत. मुंबई सरकारचे अभियंते जॉर्ज क्लार्क हे १८४३ साली भांडुप येथे गेले असता, मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट यांस जोडणारा लोहमार्ग घालावा अशी कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. म्हणजे हिंदुस्थानातील पहिल्या आगगाडीचे बीज आपल्या या उपनगराच्याच भूमीत पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

कल्पना साहेबाची असली, तरी तिला येथील लोकांचे पाठबळ मिळवून देणे हे निराळे काम होते. १८४५ साली मुंबईत रेल्वेच्या पुरस्कारार्थ जी संस्था स्थापन झाली, तीत सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना हे दोन प्रमुख एतद्देशीय धुरीण होते. पुढे ही चळवळ विलायतेत स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीत विलीन झाली. १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने त्या कंपनीस मान्यता मिळाली, आणि मुंबईतील तिच्या कारभाराशी नानांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. नव्या वस्तूस लोक भितात. वाफेच्या बळावर, बैल-घोड्यांवाचून धावणारा हा रथ काय अनर्थ करील, याविषयी नाना तऱ्हेच्या कंड्या पिकल्या होत्या. अशा वेळी नानांसारखा धर्मनिष्ठ, पेढीवाला आणि सर्वांच्या विश्वासातील गृहस्थ त्या कार्यामागे उभा आहे, एवढ्यानेच पुष्कळांचा संशय फिटला असेल, यात शंका नाही.

लोहमार्ग म्हटला म्हणजे पूल आलेच, आणि मुंबईच्या भोवती तर पाणीच पाणी. येथे त्या काळच्या लोखंडी पुलांविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण नानांच्या पिढीने किती मोठ्या आणि किती अनिश्चित गोष्टीवर विश्वास टाकला, ते त्यावाचून कळणार नाही. लोखंड दोन प्रकारचे. एक ओतीव, ज्याला आपण बीड म्हणतो. ते वितळवून साच्यात ओततात. दुसरे घडीव, ते तापवून, ठोकून, लाटून तयार करतात. धातूचा गुण पारखणे हा ज्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय, तिला हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. बीड कितीही भार दाबून धरते, पण ताण पडला किंवा वाकविले तर पूर्वसूचना न देता मोडते. घडीव लोखंड आधी वाकते, मग तुटते.

जगातील पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल इंग्लंडात कोलब्रुकडेल जवळ सेव्हर्न नदीवर १७७९ साली उभा राहिला आणि १७८१ साली रहदारीस खुला झाला. अब्राहम डार्बी, म्हणजे त्या नावाचे तिसरे, या लोखंडाच्या कारखानदाराने तो ओतला. सुमारे १०० फूट रुंदीची त्याची एकच कमान आहे. तोपर्यंत लोखंडाचा पूल कसा जोडावा याचा कोणालाच अनुभव नसल्यामुळे त्याचे भाग सुताराच्या पद्धतीने, खाचा पाडून व पाचरी ठोकून एकमेकांत बसविलेले आहेत. कमानीत सर्व भार दाबाचाच असल्यामुळे बीड तेथे टिकले. १९३४ साली तो वाहनांस बंद करून प्राचीन स्मारक म्हणून संरक्षित करण्यात आला, आणि १९८६ साली तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. आजही लोक त्यावरून पायी जातात.

परंतु रेल्वेचे पूल कमानीऐवजी सरळ तुळयांवर बांधले जाऊ लागले, तेव्हा बिडाचा दोष उघडकीस आला. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडातील चेस्टर येथे डी नदीवरील रेल्वेपुलाची ओतीव तुळई गाडी वरून जात असताना मोडली आणि पाच माणसे प्राणास मुकली. तो पूल रॉबर्ट स्टीफन्सन या विख्यात अभियंत्याने आखलेला होता. आणि हेच स्टीफन्सन आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे सल्लागार अभियंते होते. म्हणजे, मुंबईत लोहमार्गाची सिद्धता चालू होती, त्याच सुमारास विलायतेत लोखंडी पुलावरील लोकांचा विश्वास पार डळमळला होता. या अपघातापासून अभियंत्यांनी धडा घेतला. तुळयांसाठी बिडाचा उपयोग त्यांनी सोडून दिला आणि घडीव लोखंडाचा स्वीकार केला. स्टीफन्सन यांच्या विश्वासातले जेम्स बर्कली हे मुख्य अभियंते म्हणून १८५० साली मुंबईस आले, तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीस होता. ठाण्याच्या खाडीवर त्यांनी जो पूल बांधला, त्याच्या कमानी दगडी होत्या, आणि जेथे गलबतांसाठी खोल पात्र मोकळे ठेवणे प्राप्त होते, तेथे घडीव लोखंडाच्या तुळया घातल्या होत्या.

कामास १८५० च्या अखेरीस शीव येथे प्रारंभ झाला. शीव व कुर्ला यांमधील दलदलीतून भराव घालून मार्ग न्यावा लागला. पुढे आजच्या घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या भागांतून तो ठाण्यास पोहोचला. त्या वेळी हा सारा मुलूख भातखाचरे, मिठागरे आणि झाडी यांनी भरलेला होता. रुळांमधील अंतर साडेपाच फूट ठरले आणि आजही देशभरच्या मुख्य मार्गांवर तेच चालू आहे.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, एकवीस तोफांच्या सलामीत, बोरीबंदराहून पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. त्यांच्या पत्नी मात्र समारंभास उपस्थित होत्या. या पहिल्या प्रवाशांत नानाही होते. २१ मैलांचे अंतर कापून गाडी ठाण्यास पोहोचली. मार्गाच्या दुतर्फा लोकांची अपार गर्दी लोटली होती. आठ वर्षांपूर्वी ज्या गोष्टीस पुष्कळांनी वेडगळपणा म्हटले असते, ती त्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली.

पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याच्या खाडीवरील पूल ओलांडून गाडी कल्याणास गेली. मुरबाडच्या घराण्यातील या पुरुषास कल्याणपर्यंत आगगाडी गेलेली पाहून काय वाटले असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. नानांचे आजोबा ज्या मुलखातून मुंबईस आले, तो आता काही तासांवर आला होता. त्यानंतर बोर घाटाचे काम सुरू झाले. पंधरा मैलांच्या चढणीत २५ बोगदे खोदावे लागले. ३७ फुटांस एक फूट असा चढ राखावा लागला. १८६३ साली तो घाट खुला झाला. थळ घाट १८६५ च्या प्रारंभी खुला झाला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चरित्र अपुरे राहील. बोर घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकी, ताप व अपघात यांमुळे त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. स्वतः बर्कलीही घाट खुला होण्यापूर्वीच, १८६२ साली, निवर्तले. तसेच, या रेल्वेतील भांडवल मुख्यतः विलायतेचे होते, त्यावर शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिली जात होती, आणि कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांस स्वस्त व त्वरित मिळावा हा त्यामागील एक मोठा हेतू होता. नानांसारख्या पेढीवाल्यास हे कळत नव्हते असे मानणे वेडेपणाचे ठरेल. परंतु परक्यांनी आपल्या स्वार्थासाठी घातलेला रस्ताही पुढे आपल्याच लोकांच्या उपयोगी पडेल, अशी दूरदृष्टी त्यांच्या ठायी असली पाहिजे. त्यांच्या पश्चात घडलेल्या गोष्टींनी ती खरी ठरविली.

पश्चिमेकडील मार्ग दुसऱ्या कंपनीने, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने घातला. गुजरातेतून येताना तिला एकामागून एक नद्या व खाड्या ओलांडाव्या लागल्या. त्या कंपनीचे अभियंते कर्नल केनेडी यांनी येथे निराळी युक्ती योजिली. ओतीव लोखंडाचे पोकळ स्तंभ, त्यांच्या टोकास स्क्रूसारखी पाती, असे ते तळाच्या चिखलात फिरवून खोल रुतवावयाचे आणि त्यांवर घडीव लोखंडाच्या त्रिकोणी जाळीच्या तुळया ठेवावयाच्या. दाब सोसण्याचे काम बिडाकडे, ताण सोसण्याचे काम घडीव लोखंडाकडे, अशी ही उत्तम वाटणी होती. वसईची खाडी अशाच पुलांनी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडपर्यंत, म्हणजे जवळजवळ नानांच्या दारापर्यंत येऊन पोहोचली. विरारहून मुंबईस रोज एक गाडी जाऊन येण्याची सोय १८६७ च्या एप्रिलात झाली. तीच पश्चिम उपनगरांच्या आजच्या संसाराची सुरुवात होय. ती पाहण्यास मात्र नाना हयात नव्हते.

नानांचे सार्वजनिक कार्य रेल्वेपुरते मर्यादित नव्हते. १८४९ साली विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र मंडळाने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा समाजात मोठा गहजब झाला. नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. सनातनी वृत्तीच्या ज्या लोकांत त्यांचे रोजचे उठणे-बसणे होते, त्यांचा रोष त्यांनी जाणूनबुजून पत्करला. ग्रँट रोडवरील नाट्यगृहासाठी त्यांनी जागा दिली, आणि त्याच रंगभूमीवर १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मुंबईकरांस मराठी नाटके दाखविली.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था. कंपनी सरकारच्या सनदेचे नूतनीकरण होण्याची ती वेळ होती. येथील प्रजेची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे अर्जाने मांडण्याचे कार्य तिने केले. नाना तिचे अध्यक्ष होते. हिंदू, पारशी, मुसलमान, यहुदी अशा सर्व जमातींचे लोक तीत एकत्र बसत. १८५७ च्या धामधुमीत नानांवरही संशय घेण्यात आला. त्यांचे वजन लक्षात घेता तो घेतला जाणे स्वाभाविकच होते. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव आहे. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हापासून नामदार ही पदवी त्यांच्या नावामागे लागली.

डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासह त्यांनी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी परिश्रम केले. १८६२ साली त्या इमारतीचा पाया घातला गेला, आणि १८७२ साली संग्रहालय लोकांस खुले झाले. तेथील ओतीव लोखंडाचे कोरीव खांब व कठडे आजही पाहण्यासारखे आहेत. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, आणि पुढे झालेल्या जीर्णोद्धारास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला. ज्यास त्या काळचे बीडकाम जवळून पाहावयाचे आहे, त्याने सहकुटुंब तेथे एकदा अवश्य जावे.

दिनांक ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले. त्यांच्या चिरंजीवांनी, विनायकरावांनी, विद्यापीठास देणगी देऊन जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती सुरू केली. मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात सर्वश्रेष्ठ गुण मिळविणाऱ्यास ती दिली जाई. १९१२ साली ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. ही शिष्यवृत्ती कोणत्याही एका ज्ञातीसाठी राखलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. बोरीबंदरच्या त्या जागेवर पुढे उभ्या राहिलेल्या आणि २००४ पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या रेल्वेच्या भव्य इमारतीवर, कंपनीच्या धुरीणांच्या शिल्पांत त्यांचीही मुद्रा आहे. खालून रोज लाखो लोक जातात. वर पाहणारे थोडे.

इंग्रज लोक आपल्या पहिल्या लोखंडी पुलास जपतात, त्यास रंग देतात, त्याचा इतिहास मुलांना शिकवितात. आपल्याकडील पहिल्या मार्गाचे जुने पूल, जुन्या कमानी, जुनी स्थानके यांपैकी पुष्कळ काळाच्या ओघात बदलली अथवा नाहीशी झाली. गाड्यांचा भार वाढला म्हणजे पूल बदलावाच लागतो, त्यास इलाज नाही. परंतु ते कोणी बांधले, कोणी पैसा घातला, कोणी घाम गाळला आणि कोणी विश्वास टाकला, याची आठवण पुसली जाण्यास मात्र कोणतेही तांत्रिक कारण नाही. ती आपल्या आळसानेच पुसली जाते.

नाना आमच्या ज्ञातीचे होते याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो रास्तही आहे. परंतु नानांनी जे केले, त्यातील एकही गोष्ट त्यांनी केवळ ज्ञातीसाठी केली नाही. शाळा सर्वांच्या, शिष्यवृत्ती सर्वांची, गाडी सर्वांची. त्यांच्या नावावर आपला हक्क सांगावयाचा, तर त्यांच्या या वृत्तीचा थोडा तरी अंश आपल्या अंगी यावयास हवा. आपल्या ज्ञातिबांधवांनी आपल्या घरी मुलांना बसवून हे चरित्र एकदा सांगावे. ठाण्याच्या खाडीवरून गाडी जाताना, क्षणभर का होईना, त्यांना खिडकीबाहेर पाहावयास लावावे, आणि हा मार्ग प्रथम कोणाच्या मनात आला व तो घालण्यासाठी कोणाकोणाचे आयुष्य खर्ची पडले, ते त्यांच्या कानावर घालावे. यापरते नानांचे दुसरे स्मारक उभारण्यास आपणांस फार मोठा निधीही जमवावा लागणार नाही.